शास्त्रज्ञ फसले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्वतंत्र जाती म्हणून जाहीर झालेला पश्चिम आफ्रिकेतला लायबेरियन ग्रीनबुल हा पक्षी मुळात वेगळा नव्हताच, असे सांगणारा ‘तीस वर्षे शास्त्रज्ञांची फसगत’ या मथळ्याचा मजकूर कालच्या पुरवणीत वाचला आणि फार वाईट वाटले. यात फसगत कोणाची झाली, हे मजकूर दोनदा वाचूनही कळले नाही. जर्मन पक्षिशास्त्रज्ञ वुल्फ गाटर यांना १९८१ ते १९८४ या काळात लायबेरियातल्या कावाला जंगलात जे दिसले, ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. हाती आलेल्या एकुलत्या एका नमुन्याच्या पंखांवर पांढुरके ठिपके होते, तसे ठिपके इक्टेराइन ग्रीनबुल या जवळच्या जातीला नसतात, म्हणून १९८५ मध्ये त्यांनी ती स्वतंत्र जाती म्हणून जाहीर केली. पुढे १९८९ मध्ये लायबेरियात यादवी पेटली आणि ती २००३ पर्यंत या ना त्या रूपाने चालूच राहिली. अशा देशातल्या जंगलात पडताळणीसाठी जाणार कोण?

अखेर २०१७ मध्ये हा प्रश्न त्याच नमुन्याने जवळजवळ निकालात काढला. ॲबर्डीन आणि ड्रेस्डेन येथे स्वतंत्रपणे केलेल्या डीएनए तपासणीत तो इक्टेराइन ग्रीनबुलहून वेगळा ठरला नाही. पिसे वाढत असताना पोषण कमी पडल्याने ठिपके उमटले असावेत, असा अंदाज आहे. अतिसंकटग्रस्त म्हणून जगभर गाजलेले नाव ज्या शास्त्राने स्वतःच मागे घेतले, त्याला आपण दोषी ठरवता, हे मला अन्यायाचे वाटते.

एवढ्या तळमळीने लिहिण्याला कारण आहे. मी ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, तेथे पक्ष्यांच्या जुन्या कातड्यांचा संग्रह होता. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे आणि तीवर टाकाने गाव, तारीख आणि नर की मादी हे लिहिलेले असे. त्यातल्या एका हळद्याचा पिवळा रंग इतक्या वर्षांनीही उतरलेला नव्हता. संगणक कक्षासाठी खोली हवी म्हणून कपाटे व्हरांड्यात काढली गेली, पावसाळ्यात त्यांना बुरशी आली आणि मांडण्यासारखे जे चार पक्षी उरले, त्यांच्या चिठ्ठ्या ‘वाईट दिसतात’ म्हणून कात्रीने कापून टाकल्या. मी लेखी हरकत घेतली होती, तिला उत्तर आले नाही. कोठून आणि केव्हा आला हे ठाऊक नसलेला पक्षी संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी असतो. गाटर यांचा नमुना बॉनच्या संग्रहालयात नोंदींसह जपला गेला नसता, तर ही ‘फसगत’ उघड करायला तरी कोणाच्या हाती काय होते? ‘मेलेले पक्षी साठवून उपयोग काय’ हा आपल्या मजकुरातला प्रश्न मला महाविद्यालयातही ऐकवला गेला होता. तो वर्तमानपत्रात छापून आला की कपाटे रिकामी करणाऱ्यांना आधार मिळतो.

आणखी एक गोष्ट. मजकुरासोबत छापलेले छायाचित्र आपल्या अंगणातल्या लालबुड्या बुलबुलाचे आहे. काळा तुरा आणि शेपटीखालचा लाल रंग त्यात स्पष्ट दिसतो. कुळ एकच असले, तरी आफ्रिकेतला तो पक्षी वरून शेवाळी हिरवा आणि पोटाशी पिवळा असतो. मथळा आणि छायाचित्र या दोन्हींविषयीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर