अनंत सेट अन् गेलेले मार्क

सोनू बाळा,

काल फोनवर लई चिडली होतीस, मला तोंडच उघडू देईनास म्हणून हे लिहायलोय. पेपरात तू लिहिलंस की सेट, म्हणजे संख्यांचा गट, अनंत आहे म्हणून त्यात सगळ्यात मोठी संख्या नसते, अन् सरांनी भोपळा दिला. सर बरोबर आहेत गं. आता माझ्यावर पण चिड.

अनंत म्हणजे मोजून न संपणारं, एवढंच. ते कुठवर पसरलंय हा वेगळा मामला. 1, 2, 3 घे, सगळ्यात लहान 1 आहे, मोठी नाही, कारण तू कोणतीही सांग मी त्यात 1 मिळवतो. आता 1, 1/2, 1/3, 1/4 असा सेट घे, हा पण संपत नाही पण सगळ्यात मोठी संख्या पहिल्याच नंबरला बसलीय की! लहान मात्र नाही, तू 1/5000 म्हणलीस की मी 1/5001 म्हणणार. सगळे शून्याकडं सरकायलेत पण शून्य स्वतः सेटमधे नाही, अन् पोरं बरोबर तिथंच फसतात.

आपल्या रानाचंच बघ, बांधापर्यंत रान आपलं, पण बांध कुणाचा ह्यावरच भांडणं. 0 ते 1 मधल्या सगळ्या संख्या बांधासकट घेतल्या तर लहान 0, मोठी 1, तरी सेट अनंतच. बांध सोडून घेतल्या तर दोन्ही गायब. कारण आतली कोणतीही x घे, ती अन् 1 ह्यांची सरासरी तिच्यापेक्षा मोठी निघते अन् आतच राहते, 0 बरोबर सरासरी काढली की तशीच लहान निघते.

मला खरी मजा वाटते ती पुढच्या सेटची. ज्या धन परिमेय संख्यांचा (म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येणाऱ्या) वर्ग 2 पेक्षा कमी आहे त्या सगळ्या गोळा कर. कोणतीही p उचल अन् (2p+2)/(p+2) काढ, दरवेळी मोठी येते तरी वर्ग 2 च्या खालीच. 1 पासून सुरू केलं तर 4/3, मग 7/5, मग 24/17. शेवटची पेनानं करून बघ, 24 चा वर्ग 576 अन् 17 च्या वर्गाची दुप्पट 578, थोडक्यात हुकलं. इथं तर परिमेय संख्यांमधे बांधच नाही, कारण 2 चं वर्गमूळ परिमेय नाही, तिथं नुसती फट आहे. डेडेकिंड नावाच्या जर्मन गणितज्ञानं 1872 मधे असल्याच फटींवरून वास्तव संख्या (म्हणजे संख्यारेषेवरच्या सगळ्या, फटी बुजवून) उभ्या केल्या, पुढं शिकशील.

आणि हो, ऑक्टोबर 2024 मधे बातम्या आल्या होत्या ना, सगळ्यात मोठी मूळसंख्या सापडली म्हणून? 2 चा 136279841 वा घात वजा 1, चार कोटी दहा लाखांच्या वर अंक. ती आजवर माहीत असलेली सगळ्यात मोठी, बास. मूळसंख्या संपत नाहीत हे युक्लिडनं दोन हजार वर्षांपूर्वीच दाखवलंय. लहान मात्र 2 आहे, तिला कुणी हलवत नाही.

आता पुढच्या फोनपर्यंत एक कर. फक्त पूर्णांकांचा असा अनंत सेट आण ज्यात सगळ्यात लहान पण आहे अन् सगळ्यात मोठी पण. नाही सापडला तर का नाही ते दोन ओळीत लिही, "अनंत आहे म्हणून" हे चालणार नाही.

डब्यात आईनं शेंगदाण्याची चटणी दिलीय, रूममधल्या पोरींना पण दे.

पप्पा