अँटिबॉडीचा मथळा आणि आमचे बंधू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोरोनातून बरे झालेल्यांच्या अँटिबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, संपल्याचा मथळा काल पहिल्या पानावर वाचला. आत पान सातवर मजकूर बरा होता, मान्य. पण पान सातपर्यंत जातो कोण? आमच्याकडे मथळ्यावरच पारावरची चर्चा आटोपते.

माझ्या थोरल्या बंधूंचं २०२१ मध्ये हेच झालं. आदल्या वर्षी कोरोना होऊन गेलेला, नंतर कोविशील्डचे दोन्ही डोस. अशीच एक बातमी वाचून ते जळगावला गेले आणि खासगी लॅबमध्ये पैसे मोजून अँटिबॉडी तपासून आले. रिपोर्ट निगेटिव्ह. झालं! केळीची कटाई ऐन भरात आणि माणूस घरात कोंडून बसलेला. "मंग माह्या अंगात काहीच नाही राह्यलं का रे?"

रिपोर्ट मी पाहिला. तपासणी विषाणूच्या आतल्या 'एन' प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडींची होती. कोविशील्डमुळे तयार होतात त्या फक्त स्पाइक, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या काट्यांच्या, प्रथिनाविरुद्धच्या. लस कितीही लागू पडलेली असो, या किटमध्ये त्या दिसणारच नाहीत! आजारातून आलेल्या 'एन'च्या अँटिबॉडी तर काही महिन्यांत ओसरतात. काउंटरवर हे कोणी सांगितलं नाही. पावती मात्र तत्परतेने दिली.

अहो, संसर्ग संपल्यावर अँटिबॉडी कमी होणारच. त्या बनवणाऱ्या थोड्या पेशी अस्थिमज्जेत टिकून राहतात, विषाणू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी वेगळ्याच. कोरोनाच्याच कुळातल्या २००३ च्या सार्समधून उठलेल्यांच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) १७ वर्षांनीही तो विषाणू ओळखत होत्या, हे २०२० मध्येच 'नेचर'मध्ये आलं होतं. पुन्हा लागण होते, ओमायक्रॉनने ते दाखवलंच. पण म्हणून शरीराची पाटी कोरी झाली असं नव्हे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने रक्तातल्या अँटिबॉडी तपासून केलेल्या सेरो सर्वेक्षणात आपला जळगाव जिल्हाही होता. विषाणू किती लोकांपर्यंत पोचला ते पाहायला तेव्हा रक्त घेतलं, कुणा एकाला अभय द्यायला नव्हे. एवढं चार ओळींत तुमच्या वार्ताहराला लिहिता आलं नसतं? की शेजारच्या पानावरच्या 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिरातीची अडचण होती?

आणि मथळ्याला पाच कॉलम मिळतात, तर केळीच्या भावाची चौकट परवापासून कुठे गेली? बऱ्हाणपूरचा भाव तेवढा छापता. रावेरचाही छापावा, व्यापारी आमच्या तोंडावर तुमचाच अंक नाचवतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ता. रावेर