सहाव्या खुर्चीवरच्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे त्या पहाटे मला सुचले नाही, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहावे लागत आहे. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर, पोकरच्या टेबलाशी तुम्ही 6 नंबरच्या खुर्चीवर होतात आणि मी 7 नंबरच्या. संध्याकाळी 7 वाजता बसताना बारा वाजले की उठायचे असे मी मनाशी पक्के केले होते. पहाटे साडेचार वाजता मी तिथेच होतो आणि प्रत्येकी 40,000 रुपयांचे तीन बाय-इन, म्हणजे खेळायला बसण्यासाठी पैसे भरणे, करून झाले होते. तिसऱ्या बाय-इनचे पैसे गावच्या घराची कौले बदलण्यासाठी बाजूला काढलेले होते.

माझी घसरण ज्या डावापासून सुरू झाली तो तुम्हालाही आठवत असेल. माझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, आणि टेबलावरची सामायिक पाने उघडण्याआधीच दोघांचेही सगळे चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मध्ये. असा सामना पाचांपैकी चार वेळा एक्केवालाच जिंकतो. शेवटचे पान उलटायचे राहिले तेव्हा न दिसलेल्या 44 पानांत मला मारणारी दोनच पाने होती, उरलेले दोन राजे, आणि त्यांतलेच एक आले. त्या डावात माझे काही चुकले नव्हते. चुकले ते पुढे, कारण त्यानंतर मी चौकटची राणी आणि बदामची तिर्री अशी कमजोर पाने घेऊनही रेझ करू, म्हणजे बोली वाढवू लागलो. हरल्यावर असे भान सोडून खेळण्याला टिल्ट म्हणतात हे मला चांगले माहीत होते. ते आपल्यालाच झाले आहे, एवढे मात्र कळत नव्हते.

मला सल्ला देणाऱ्यांची तोपर्यंत वाण नव्हती. घरचे वडीलधारे म्हणत की पत्त्यांना हातच लावू नये. त्यांचे बरोबर असेलही, पण बसलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? ज्या मित्राने मला हा खेळ शिकवला, तो त्या रात्री मागे उभा राहून, ‘आत्ता उठलास तर हरलास, बस, वसूल होईल,’ असे सांगत होता आणि दोन वाजता स्वतः झोपायला गेला. बोटीवरचे कर्मचारी तर फारच प्रेमळ; मी हरत गेलो तसतशी माझ्यासमोरची बशी भरत गेली. दर अर्ध्या तासाने पाने वाटणारा डीलर बदले, जाणारा दोन्ही तळवे उघडून दाखवी आणि निघून जाई. त्या टेबलावर उठण्याची वेळ ठरलेली होती ती फक्त त्यांची.

तेव्हा तुम्ही कॅशियरकडे गेलात आणि चिप्स भरायचे दोन रिकामे रॅक घेऊन आलात. एक स्वतःसमोर ठेवलात आणि दुसरा काही न बोलता माझ्या कोपरापाशी सरकवलात. माझ्या चिप्सना तुम्ही हात लावला नाहीत, ‘पुरे करा’ असेही म्हणाला नाहीत. मी हट्टाने म्हटले, ‘तेवढे बरोबरीत आलो की उठतो.’ तुम्ही आपले चिप्स वीस-वीसच्या ओळींत लावता लावता म्हणालात, ‘तुम्ही किती हरलात ते पत्त्यांना ठाऊक नसतं हो. ते उद्याही असेच येतील.’

काका, त्या रॅकची किंमत मला बोटीतून जेट्टीकडे येताना उमगली. पोकरमध्ये कॅसिनो आपला वाटा कापून मोकळा होतो. बाकी पैसा खेळणाऱ्यांचाच, एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारा. भान सुटलेला माणूस टेबलाशी असला की इतरांना सुगीच, आणि त्या रात्री तो माणूस मी होतो. तुम्ही जिंकत होतात, ताजेतवाने होतात, तुमच्यापुरते उठण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही मला एकट्याने उठायची लाज वाटू नये म्हणून तुम्ही तो चालता डाव सोडलात. आपण कॅशियरपर्यंत पोहोचलो नाही तोच तुमच्या खुर्चीवर प्रतीक्षा यादीतला पुढचा माणूस बसलाही होता. सभ्यपणा म्हणजे गोड बोलणे अशी माझी समजूत होती. स्वतःचा फायदा सोडून, वर त्याचा गवगवा न करणारा माणूस मी एवढ्या जवळून प्रथमच पाहिला.

माझ्या रॅकमध्ये 46,000 रुपये उरले होते. कौले बदलून झाली.

मी खेळणे सोडलेले नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. आता बसण्याआधीच एक रिकामा रॅक मागून घेतो आणि कोपरापाशी ठेवतो. लोक हसतात. गेल्या खेपेला राणी-तिर्रीसारखीच पाने टाकून देताना बोटे जराशी रेंगाळली, तेव्हा पावणेअकरालाच उठलो, 9,000 रुपये हरलेलो असताना.

जेट्टीसमोर आपण दोन चहा घेतले तेव्हा माझ्याकडे सगळ्या पाचशेच्याच नोटा होत्या आणि चहावाल्याकडे सुटे नव्हते, म्हणून पैसे तुम्ही दिलेत. ते मी तुम्हाला अजून देणे लागतो.

आपला कृतज्ञ,
7 नंबरच्या खुर्चीवरचा