पासबुकावरचं नाव

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी धाक सुरू होतो, 'मार्क नाही पडले तर वडापावची गाडी टाक!' (गाडीवाल्याची रोजची कमाई धाक घालणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.) मुंबईने तरी असं बोलू नये.

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका आठवा. पहाटेपासून चुलीपुढे, डोक्यावर सावकाराचं व्याज आणि वाण्याची उधारी. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेच्या दारात नेलं. काम तेच राहिलं, पोळ्या लाटण्याचं, पण कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर मिळू लागलं. १९८२ च्या संपात गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा कित्येक घरं बायकांच्या अशा कमाईवर तगली. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या 'लिज्जत'मध्येही पापड लाटणारी बहीण नोकर नाही, भागीदार आहे.

श्रमप्रतिष्ठेवर भाषणं पुष्कळ झाली. मला वाटतं, मान येतो तो हिशेब आपल्या हाती आला की. आमच्या भागातल्या एका टॉवरमध्ये मात्र घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. सोसायट्यांनी निदान आपल्याकडे येणाऱ्या बायकांची तिथे नोंदणी करून द्यावी, आणि लिफ्टवरची ती पाटी काढावी.

— एक वाचक, लालबाग, मुंबई