सुदान नाव आले कुठून?

महोदय,

कोंढवे गेटच्या बसवर मी वाहक होतो. गाडी तिथे रिकामी व्हायची, आत एन.डी.ए. (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आपल्याला बंद. वर्षानुवर्षे तिकिटे फाडली, पण तिथल्या मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक का म्हणतात, हे निवृत्त झाल्यावर कळले. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवान सुदानच्या रक्षणासाठी लढले. त्या उपकाराची जाण ठेवून तिथल्या सरकारने एक लाख पौंड दिले, त्यातले फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले सत्तर हजार या बांधकामाला लागले.

"म्हणजे ही पण इंग्रजांचीच ना, आपल्या पुण्याच्या लष्कर भागासारखी?" नातवाने विचारले. नाही रे बाबा! लष्कर भाग वसला तो १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशवे हरल्यावर. एन.डी.ए.ची कोनशिला नेहरूंनी बसवली, ६ ऑक्टोबर १९४९ ला. इमारती होईपर्यंत प्रशिक्षण डेहराडूनला चाले. इथले रीतसर उद्घाटन जानेवारी १९५५ चे.

आता नातू 'लष्कर' न म्हणता 'कॅम्प' म्हणतो, ते सोडा. पण आपल्या रविवार पुरवणीत अशा नावांसाठी एक चौकट ठेवता येईल का? कात्रणे काढायला मी आहेच.

– एक निवृत्त वाहक, उत्तमनगर, पुणे