शंभर पौंड

देवरुख

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जे सांगितलंस ते डोक्यातून जात नाही. तुझ्या लॅबमधला मुलगा जेवताना म्हणाला की जुन्या काळी तिथे अमेरिकेत गुलामांसाठी कायदा होता, त्याने मालकांनाही बांधून घातलं होतं. रविवारची सुट्टी होती, कामाचे तास ठरलेले होते, गुलामाला मारलं तर दंड होता. मग लोक म्हणतात तेवढं काही वाईट नसणार, असं त्याचं म्हणणं. तुला त्या वेळी उत्तर सुचलं नाही आणि ते तुला लागून राहिलंय. म्हणून तू पाठवलेला साउथ कॅरोलायनाचा, म्हणजे तेव्हाच्या इंग्रज वसाहतीचा, १७४० चा गुलामांचा कायदा मी शब्दकोश शेजारी ठेवून पूर्ण वाचला. एकेक कलम दोन-दोनदा वाचावं लागलं.

तो मुलगा खोटं बोलला नाही. ती कलमं त्यात आहेत. पण ती शेवटपर्यंत वाचायला हवीत.

कायदा कशातून आला ते तुला माहीत आहेच. ९ सप्टेंबर १७३९, रविवार. स्टोनो नदीपाशी वीसेक गुलाम जमले, एक दुकान फोडून बंदुका घेतल्या आणि ढोल वाजवत दक्षिणेकडे निघाले. तिकडे फ्लोरिडात स्पेनची सत्ता होती आणि इंग्रजांकडून पळून आलेल्या गुलामांना ती मोकळं करत होती. वाटेत माणसं मिळत गेली. संध्याकाळपर्यंत गोऱ्यांच्या हत्यारबंद तुकडीने त्यांना गाठलं. वीसेक गोरे मेले, काळे त्याच्या दुप्पट. त्या वसाहतीत तेव्हा गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट गुलाम होते, त्यामुळे मालकांची झोप उडाली. पुढच्या मे महिन्यात हा कायदा झाला आणि थोड्याफार फरकाने १८६५ पर्यंत चालला.

त्यातला एक शब्द वाचून मी थबकलो. तिकीट. मी एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली. इथे तिकीट म्हणजे मालकाची चिठ्ठी. गुलामाला एकट्याने मळ्याबाहेर पडायचं तर ती लागायची. चिठ्ठीत काय लिहायचं त्याचा नमुनाच कायद्यात दिलाय: या गुलामाला अमक्याच्या मळ्यावरून इतके दिवस किंवा इतके तास बाहेर राहू द्यावं, खाली तारीख. मालकाच्या नावाला मोकळी जागा आहे, दिवसांना आहे, तारखेला आहे. गुलामाच्या नावाला जागा नाही. मी तो नमुना वहीत उतरवून घेतला, जागा मोकळ्या सोडून, आणि बराच वेळ बघत बसलो.

चिठ्ठीशिवाय सापडला तर उघड्या पाठीवर वीसपर्यंत फटके. रस्त्यात कुठलाही गोरा माणूस त्याला अडवून जाब विचारू शकत होता, आणि गुलामाने उलट हात उचलला तर त्याला ठार मारणंही कायदेशीर होतं. विनातिकीट माणसं मलाही सापडली. कुणाला दंड केला, एखाद्या म्हातारीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. कुणाच्या अंगाला हात लावायचा हक्क माझ्या बिल्ल्यात नव्हता.

आता लिहिण्याचं कलम बघ. गुलामाला लिहायला शिकवेल किंवा त्याच्याकडून लिहिण्याचं काम करून घेईल त्याला शंभर पौंड दंड. वाचायला शिकवण्याबद्दल या कायद्यात चकार शब्द नाही, फक्त लिहिणं. मला तरी त्याचं कारण त्या तिकिटातच दिसतं. ज्याला लिहिता येतं तो आपली चिठ्ठी आपणच लिहील.

आणि त्याच कायद्यात, थोडं वर, तुझ्या त्या मुलाला आवडलेलं दयेचं कलम आहे. गुलामाची जीभ कापली, डोळा काढला, अंग भाजलं, हातपाय तोडला, तर मालकाला दंड. किती? शंभर पौंड. मी पुन्हा वर-खाली करून आकडे पडताळले. जीभ कापली तरी शंभर, अक्षर गिरवून दिलं तरी शंभर. चाबकाने, वादीने, छडीने मारणं, बेड्या घालणं, कोंडून ठेवणं हे त्यातून मुद्दाम नाव घेऊन वगळलंय. त्याला दंड नाही.

जाणूनबुजून खून केला तर सातशे पौंड, रागाच्या भरात किंवा शिक्षा करता करता मेला तर साडेतीनशे. हे वसाहतीच्या चलनातले पौंड. सातशे म्हणजे इंग्लंडचे साधारण शंभर. त्याच्या पुढचं एक कलम तू त्या मुलाला नक्की दाखव. गुलामाला इजा झाली आणि तिथे दुसरा कुणी गोरा नव्हता, तर आधी मालकालाच दोषी धरायचं. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. पण पुढे लिहिलंय की मालकाने आपण निर्दोष असल्याची शपथ घेतली की तो सुटला. गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष कोर्टात चालतच नव्हती. म्हणजे मळ्यावर ज्यांनी डोळ्यांनी बघितलं ते सगळे मुके, आणि ज्याने केलं त्याची शपथ खरी.

कपड्यांचंही आहे. गुलामाने जाडंभरडं कापड, चौकडीचं सुती, हलकं कॅलिको एवढंच घालायचं. कॅलिको म्हणजे मूळचं आपल्या कालिकतचं नाव. त्याहून चांगलं अंगावर दिसलं तर शिपायाने काढून घ्यायचं आणि स्वतःलाच ठेवायचं.

कामाच्या तासांचा आकडा त्या मुलाने सांगितला का? २५ मार्च ते २५ सप्टेंबर दिवसाला पंधरा तास, उरलेले महिने चौदा. त्यापेक्षा जास्त राबवलं तर दंड. आणि पिकं कुठली? मुख्य म्हणजे भात. बाय, आपण भातातली माणसं. लावणीत दिवसभर चिखलात वाकून संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, ते तू बघितलंयस. त्यांना गुडघाभर पाण्यात खुरपणी, मग कापणी, झोडणी, आणि थंडीत लाकडी उखळात मुसळाने कांडणं. तुझी आजी घरापुरते दोन पायली तांदूळ सडायची तरी तळहाताला घट्टे होते. तिथे जहाजं भरून तांदूळ परदेशी जायचा, तो बहुतेक असा हाताने सडलेला. भाताची ही जाण त्यांच्यातल्या अनेकांनी पश्चिम आफ्रिकेतून, त्यांच्या स्वतःच्या गावांतून सोबत नेलेली होती.

रविवारी काम करून घ्यायला बंदी होती, खरंच. पण त्या रविवारी चिठ्ठीशिवाय बाहेर पडायचं नाही. ढोल वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही, घरात ठेवायचंही नाही. शिमग्याला पालखी यायच्या आधी ढोल ऐकूनच वाडीतली माणसं अंगणात येतात. स्टोनोच्या ढोलानेही माणसं अशीच बाहेर काढली होती, म्हणून बंदी.

त्या मुलाशी भांडू नकोस. त्याच्यासमोर दोन्ही शंभर पौंडांची कलमं ठेव आणि त्याला मोठ्याने वाचायला सांग.

मी आलो होतो तेव्हा हायवेवर स्टोनो उठावाची पाटी मागे पडली. तुला ड्युटीला उशीर होत होता, मीही थांब म्हणालो नाही. पुढच्या सुट्टीला तिथे गाडी थांबव आणि माझ्यासाठी पाटीचा फोटो काढ. आणि बाजारात त्या गुलामांच्या वंशातल्या बायका गवताच्या टोपल्या विणत बसतात ना, त्यांच्यात एक रुंद, पसरट टोपली होती. मी हातात घेऊन पाहिली होती. ते भात पाखडायचं त्यांचं सूप. आईसाठी तसं एक घे. सांगतील तेवढे पैसे दे, घासाघीस करू नकोस.

तुझे,
बाबा