काका, तो ३२ होता

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

सोमवारी रात्री जेवण अर्धवट टाकून तुम्ही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आलात. निघताना गडबडीत धड आभारही मानता आले नाहीत. ते आता सगळ्यांसमोर मानतो.

वजनकाट्यावर टॉवेलचा गठ्ठा ठेवला की माझा प्रोग्रॅम त्याची नोंद फाइलमध्ये करतो. संध्याकाळी मात्र अधूनमधून नोंदी व्हायच्याच नाहीत. एक नोंद हुकली की कडा शिवणाऱ्या बायकांपैकी कुणाची तरी मजुरी बुडणार, या विचाराने मला झोप लागत नव्हती. प्रोग्रॅम आपल्या चुका ज्या वेगळ्या फाइलमध्ये लिहितो त्या लॉगमध्ये रोजच्या पहिल्या चुकीचा कोड ०, पुढच्या सगळ्यांचा १८३. शून्य म्हणजे सगळं सुरळीत, १८३ म्हणजे फाइल आधीपासूनच आहे. या दोन आकड्यांमागे माझे आठ दिवस गेले.

तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. बाहेर मागांचा खडखडाट चालू होता, म्हणून माझ्या कानाशी वाकून विचारलंत, "फाइल उघडली नाही. त्याच्या पुढची ओळ कुठली?"

पुढच्या ओळीत मी लॉगची फाइल उघडत होतो आणि गेटलास्टएरर, म्हणजे विंडोजने शेवटचा नोंदवलेला चुकीचा कोड, त्याच्याही नंतर विचारत होतो.

"अरे, मग तू लॉगच्या फाइलचा निरोप वाचतोयस!"

फाइल उघडणाऱ्या क्रिएटफाइल या कॉलला ओपन ऑलवेज, म्हणजे 'असली तर उघड, नसली तर बनव', असं सांगितलं की फाइल नव्याने बनली तर कोड ० होतो आणि आधीची असली तर १८३, दोन्ही वेळा काम यशस्वी होऊनच. माझा लॉग रोज नवा, म्हणून पहिली नोंद ० ची. दुसरा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये त्याच वेळी चालणारं दुसरं काम, कोड पुसत असेल ही माझी शंकाही तुम्ही तिथेच मिटवलीत: कोड लिहायची पाटी प्रत्येक थ्रेडची वेगळी असते, पण एका थ्रेडकडे ती एकच असल्याने त्याच थ्रेडचा पुढचा कॉल तिच्यावरच लिहू शकतो. लिनक्समध्ये चुकीचा कोड ज्यात असतो त्या एररनोचंही तसंच. कॉल फसला असेल तरच कोड बघायचा, आणि लगेच आपल्या व्हेरिएबलमध्ये उतरवून घ्यायचा.

गेटलास्टएररची ती एक ओळ वर नेली आणि खरा कोड दिसला: ३२, म्हणजे फाइल दुसऱ्या कुणीतरी अडवून ठेवली आहे. हिशेबनीस संध्याकाळी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडून बसायचे. बिचाऱ्यांना याची कल्पनाच नव्हती.

"सगळ्या चुकांना एकच औषध देऊ नकोस," असं तुम्ही बजावलंत. आता ३२ आला की नोंद रांगेत थांबते आणि दोन सेकंदांनी पुन्हा प्रयत्न होतो. ५ आला, म्हणजे परवानगीच नसली, तर प्रयत्न न करता पडद्यावर लाल पट्टी येते. ती कुणीतरी माणसानेच सोडवायची गोष्ट आहे, हे मला खूप पटलं.

काल संध्याकाळी ३२ अकरा वेळा आला. अकराही गठ्ठे नोंदले गेले. पगाराच्या वहीशी मी स्वतः ताडून पाहिले.

काकूंना नमस्कार सांगा. रविवारी आईच्या हातची शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन येतोय, घरीच थांबा.

तुमचा,
वजनकाट्यावरचा पोरगा